बुन्सेनची ज्योत आणि रक्ताचा एक थेंब

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने कॉलेजात बुन्सेन बर्नर हाताळलेला असतो. खाली गॅसची नळी, बाजूला हवेचे भोक उघडण्या-मिटण्याची कडी आणि वर निळसर, जवळजवळ रंगहीन ज्योत. या बर्नरमुळे रॉबर्ट बुन्सेन हे नाव घरोघरी पोहोचले. पण त्याचे खरे मोठे काम त्या नावाखाली झाकून गेले. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या रक्तातले सोडियम-पोटॅशियम, लहान मुलाच्या रक्तातले शिसे, विहिरीच्या पाण्यातले आर्सेनिक हे सगळे आज आपण मोजू शकतो. त्यातल्या एका मोठ्या पद्धतीची सुरुवात याच ज्योतीत झाली. पदार्थाचा कण ज्योतीत धरायचा, निघणाऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे करायचे आणि आत कोणते मूलद्रव्य आहे ते ओळखायचे, ही ती पद्धत.

ऐकायला सोपी वाटते. पण तिच्यात एक अडचण पहिल्या दिवसापासून आहे आणि ती आजही पूर्ण सुटलेली नाही. तपासायचा थेंब ज्योतीत न्यायचा कसा? तो स्वच्छ राहिला पाहिजे, वाया जाता कामा नये आणि जेवढा ठरवला तेवढाच आत गेला पाहिजे. बुन्सेनच्या आयुष्याकडे या प्रश्नाच्या बाजूने पाहिले, तर आजच्या रक्ततपासणीबद्दलही बरेच कळते.

रॉबर्ट विल्हेल्म बुन्सेनचा जन्म १८११ च्या मार्च महिन्यात जर्मनीतील गोटिंगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. चार भावांत तो सर्वांत धाकटा. वडील विद्यापीठात भाषा शिकवत आणि ग्रंथालय सांभाळत. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली तेव्हा त्याने वयाची विशीही जेमतेम गाठली होती. त्यानंतर १८३२ आणि १८३३ या वर्षांत तो जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये हिंडला. कारखाने पाहिले, खाणी पाहिल्या, पॅरिसमध्ये गे-लुसाकसारख्या नामवंतांच्या प्रयोगशाळा पाहिल्या. परत येऊन गोटिंगेनमध्येच तो शिकवू लागला.

त्याचे पहिले महत्त्वाचे काम वैद्यकाशी संबंधित होते. त्या काळी युरोपात आर्सेनिक म्हणजे सोमल हे विष सर्रास मिळे. उंदीर मारायला, रंगात, औषधात, आणि माणसे मारायलाही ते वापरले जाई. त्याला चव नाही, वास नाही आणि खात्रीचा उताराही नव्हता. बुन्सेनने पाहिले, की लोहाच्या क्षाराच्या द्रावणातून ताजा तयार केलेला, गंजासारखा तांबूस, पाणी धरून ठेवणारा लोह ऑक्साइडचा साका आर्सेनिकला घट्ट धरून ठेवतो. मग ते पाण्यात विरघळत नाही. पोटातले विष रक्तात उतरण्याआधी हा साका पाजला, तर विष जागीच अडकते. बेर्टोल्ड नावाच्या डॉक्टरबरोबर त्याने प्राण्यांवर प्रयोग केले आणि १८३४ मध्ये हा उतारा जाहीर केला. पुढे कित्येक दशके तो वापरात होता. आज आर्सेनिकच्या विषबाधेवर शरीरातील धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. पण विषाला विरघळूच द्यायचे नाही, ही तेविशीतल्या तरुणाची युक्ती पाणी शुद्ध करणाऱ्या काही आर्सेनिक-गाळण्यांत आजही वापरली जाते. तिथेही गंजाचेच भाऊबंद काम करतात.

आर्सेनिकने त्याची पाठ सोडली नाही. १८३६ मध्ये तो कासेलच्या तंत्रशाळेत आणि १८३९ मध्ये मारबुर्ग विद्यापीठात गेला. या वर्षांत त्याने कॅकोडिल या आर्सेनिकयुक्त संयुगांच्या कुळाचा अभ्यास हाती घेतला. ही संयुगे अत्यंत विषारी, असह्य दुर्गंधीची आणि हवेचा स्पर्श होताच पेट घेणारी होती. त्यातील एकाचा स्फोट झाला, काच उडाली आणि बुन्सेनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. वाफांच्या विषबाधेने तो मरता मरता वाचला. त्याने हे काम पूर्ण केले, पण त्यानंतर कार्बनी रसायनशास्त्राकडे तो फारसा वळला नाही. पुढे आयुष्यभर प्रकाशाच्या बारीक रेषा त्याने एकाच डोळ्याने पाहिल्या.

बुन्सेनला मोजण्याचा नाद होता. लोखंडाच्या भट्टीच्या धुराड्यातून बाहेर जाणारे वायू त्याने गोळा करून मोजले. इंधनाची किती उष्णता फुकट जाते, ते त्याने जर्मनीत आणि नंतर लायन प्लेफेअरबरोबर इंग्लंडमध्ये दाखवून दिले. विजेच्या घटातील महागडे प्लॅटिनम काढून तिथे कार्बन घातला आणि घट स्वस्त केला. १८४६ मध्ये तो आइसलंडला गेला. तिथल्या उकळत्या पाण्याच्या उसळत्या झऱ्यांच्या नळीत खोलवर तापमापक सोडले आणि झरे ठरावीक काळाने का उसळतात, याचा उलगडा केला. खोलवर वरच्या पाण्याचा दाब असतो, म्हणून तिथले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. ते थोडे वर सरकले, की दाब कमी होतो आणि एकदम वाफ होते. आपल्या घरातल्या प्रेशर कुकरचेच हे तत्त्व.

१८५२ मध्ये बुन्सेन हायडेलबर्गला आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली जात होती. त्याच सुमारास शहरात दिवाबत्तीसाठी कोळशाचा गॅस येत होता. हा गॅस प्रयोगशाळेत तापवण्यासाठी वापरायचा होता. पण त्या वेळच्या बर्नरची ज्योत पिवळी, धुरकट आणि लपलपणारी असे. भांड्यांना काजळी धरे. बुन्सेनने विचार केला, की हवा ज्योतीत मिसळण्याऐवजी गॅस पेटण्याआधीच त्यात मिसळली तर? विद्यापीठाचा यंत्र-कारागीर पेटर देसागा याने ही कल्पना धातूत उतरवली. असे काही प्रयत्न आधीही झाले होते, पण नीट, स्थिर आणि सोप्या रीतीने चालणारा बर्नर हाच ठरला. १८५५ च्या सुमारास तो नव्या प्रयोगशाळेत वापरात आला आणि १८५७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. बुन्सेनने त्याचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवा त्याने तो बनवावा, अशी मोकळीक राहिली.

या बर्नरची सर्वांत मोलाची गोष्ट उष्णता नव्हती. त्याच्या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नव्हता. स्वयंपाकघरात मीठ घातलेले पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडले, की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, हे आपण पाहिलेले आहे. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. पोटॅशियमचा रंग जांभळट, लिथियमचा लालभडक, तांब्याचा हिरवा. ज्योत स्वतःच पिवळी असेल, तर यातले काहीच दिसणार नाही. कोऱ्या कागदावरच अक्षर उमटावे, तशी ही रंगहीन ज्योत होती. बुन्सेन प्लॅटिनमच्या बारीक तारेच्या टोकाला लहानसे कडे करी, ते द्रावणात बुडवी किंवा त्यावर क्षाराचा मणी घेई आणि ज्योतीच्या कडेला धरी.

अडचण आली ती मिश्रणांची. पोटॅशियममध्ये किंचित सोडियम असले, तरी पिवळा रंग जांभळ्याला गिळून टाकी. बुन्सेन निळ्या काचेतून आणि निळीच्या द्रावणातून पाहून पिवळा रंग वगळण्याचा प्रयत्न करत होता. त्याचा तरुण मित्र गुस्ताव किर्खोफ हा भौतिकशास्त्रज्ञ १८५४ पासून हायडेलबर्गलाच होता. त्याने सुचवले, की काचेतून गाळण्यापेक्षा हा प्रकाश लोलकातून जाऊ द्यावा. मग प्रत्येक रंग आपापल्या जागी वेगळा दिसेल. दोघांनी एक लोलक, एक पेटी आणि दुर्बिणींचे भाग जोडून १८५९ मध्ये वर्णपटदर्शक तयार केला. त्यातून पाहिल्यावर प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी उमटताना दिसल्या. मिश्रणात दहा मूलद्रव्ये असली, तरी दहांच्या रेषा वेगवेगळ्या वाचता येत. क्षार कोणत्याही रूपात असो, मिठात असो वा सोड्यात, सोडियमची रेषा तीच.

असे का होते, हे तेव्हा माहीत नव्हते. आज आपण सांगू शकतो. ज्योतीच्या उष्णतेने अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि लगेच खाली उतरतो. उतरताना पायरीच्या उंचीइतकी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाचा प्रकाश वेगळा. किर्खोफने याच रेषा सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषांशी जुळवून सूर्यात सोडियम असल्याचे सांगितले. पुढे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेच साधन घेऊन यान्सेन गुंटूरला आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात आले होते. हेलियमच्या शोधाची गोष्ट त्या ग्रहणापासून सुरू होते.

आपला विषय मात्र थेंबाचा आहे. ही पद्धत किती कमी पदार्थ ओळखू शकते, हे पाहण्यासाठी बुन्सेन आणि किर्खोफने एक प्रयोग केला. सुमारे ६० घनमीटर हवा असलेल्या खोलीच्या एका दूरच्या कोपऱ्यात त्यांनी ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधातल्या साखरेबरोबर जाळले. दुसरीकडे ज्योत आणि वर्णपटदर्शक मांडलेला होता. काही मिनिटांत ज्योतीत सोडियमची पिवळी रेषा ठळक झाली आणि बराच वेळ टिकली. त्यांनी हिशेब केला. एका क्षणी ज्योतीत असलेले सोडियम एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी होते आणि तरीही ते डोळ्याला दिसत होते. त्या काळच्या कुठल्याही तराजूला याच्या आसपासही पोहोचता आले नसते.

या यशातच एक डोकेदुखी लपलेली होती. इतके थोडे सोडियम दिसते म्हटल्यावर ते सगळीकडेच दिसू लागले. काही पावलांवर कोणी पुस्तकावरची धूळ झटकली, तरी ज्योत पिवळी चमके. हाताच्या बोटाचा स्पर्श झालेली तार पिवळी जळे. त्याचे कारणही त्यांनी दिले. पृथ्वीचा बहुतांश भाग समुद्राने व्यापला आहे. लाटांचे तुषार हवेत उडतात, पाणी सुकते आणि मिठाचे अतिसूक्ष्म कण वाऱ्याबरोबर दूरवर जातात. त्यामुळे दिसलेली रेषा नमुन्यातली की हवेतली, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागे. तार आम्लात बुडवून, पुन्हा पुन्हा तापवून, तिचा स्वतःचा रंग पूर्ण गेल्यावरच नमुना घ्यायचा, ही शिस्त यातून आली. आजही प्रयोगशाळेत रुग्णाचा नमुना लावण्याआधी नुसते शुद्ध पाणी लावून यंत्र काय दाखवते ते पाहतात. त्यामागे हीच शिस्त आहे.

लिथियम तोवर दुर्मीळ मानले जात होते. या पद्धतीने ते समुद्राच्या पाण्यात, तंबाखूच्या राखेत, द्राक्षाच्या पानांत, दुधात आणि माणसाच्या रक्तातही सापडले. दुर्मीळ नव्हतेच ते. थोडे होते आणि सगळीकडे पसरलेले होते. १८६० मध्ये ड्युर्कहाइम येथील झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्यातून ओळखीचे क्षार काढून टाकल्यावर उरलेल्या द्रावणाचा थेंब ज्योतीत धरला, तेव्हा दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ते नवे मूलद्रव्य होते. आकाशी निळ्या रंगाच्या लॅटिन शब्दावरून त्याला सीझियम हे नाव दिले. पुढच्या वर्षी लेपिडोलाइट या खनिजातून गडद लाल रेषांचे रुबिडियम मिळाले.

इथे थेंब आणि ढीग यांतला फरक दिसतो. सीझियम आहे हे कळायला एक थेंब पुरला. पण त्याचे वजन, गुणधर्म, संयुगे तपासण्यासाठी पदार्थ हातात हवा होता. त्यासाठी बुन्सेनला त्याच झऱ्याचे सुमारे ४४,००० लिटर पाणी आटवावे लागले. त्यातून सीझियम क्लोराइड मिळाले ७ ग्रॅमच्या आसपास आणि रुबिडियम क्लोराइड सुमारे ९ ग्रॅम. म्हणजे दोन-तीन चमचे पूड. त्याच रीतीने इतरांनी थॅलियम आणि इंडियम ही मूलद्रव्ये शोधली.

वैद्यकाने ही संधी लवकर हेरली. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८६० च्या दशकाच्या मध्यावर गिनिपिगना लिथियमचा क्षार दिला आणि ठरावीक वेळाने त्यांच्या निरनिराळ्या अवयवांचे कण ज्योतीत धरून पाहिले. काही मिनिटांतच लिथियम रक्ताबरोबर सर्वत्र पोहोचलेले दिसे. जिथे रक्तवाहिन्या नाहीत, त्या डोळ्याच्या भिंगात ते उशिरा पोहोचे. मोतीबिंदूच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेआधी लिथियम देऊन काढलेल्या भिंगात ते शोधले गेले. पोटात घेतलेले औषध शरीरात कुठे आणि किती वेळात जाते, हे डोळ्यांनी पाहण्याचे हे अगदी सुरुवातीचे प्रयोग. बोनमॅरोच्या मायलोमा या कर्करोगात लघवीत दिसणाऱ्या प्रथिनाला ज्यांचे नाव आहे, ते हेच बेन्स जोन्स.

मात्र तारेवरच्या मण्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळेना. मूलद्रव्य आहे की नाही हे कळे, पण किती आहे ते नाही. मणी आधी भडकून जळे, मग मंदावे. कधी थेंब तडतडून उडे. तारेवर प्रत्येक वेळी सारखे द्रावण चढेलच असे नाही. प्रकाश मोजायचा तर तो स्थिर हवा आणि त्यासाठी नमुना ज्योतीत सतत, सारख्या प्रमाणात गेला पाहिजे. १८७० च्या दशकात फ्रान्समधील गुई या भौतिकशास्त्रज्ञाने यावर उपाय काढला. दाबाखालच्या हवेच्या झोतात द्रावणाचे बारीक तुषार करायचे आणि ते गॅसबरोबरच ज्योतीत जाऊ द्यायचे. मग ज्योत एकसारखी रंगलेली राहते.

बुन्सेन स्वतः तेव्हा आणखी उष्ण जागेकडे वळला होता, विजेच्या ठिणगीकडे. ज्योतीत न बोलणारी मूलद्रव्ये ठिणगीत आपल्या रेषा दाखवत. तिथेही प्रश्न तोच, द्रव ठिणगीत द्यायचा कसा. त्याने लाकडी कोळशाची टोकदार कांडी शुद्ध करून द्रावणात भिजवली आणि तिच्या टोकावर ठिणगी पाडली. सच्छिद्र कोळसा द्रव धरून ठेवी आणि थोडा थोडा सोडी. या कामाचा पूर्ण झालेला हस्तलिखित मजकूर १८७४ मध्ये टेबलावर असताना जळाला. पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्याने भिंगासारखे काम करून ऊन कागदांवर एकवटले होते. साठी ओलांडलेला बुन्सेन पुन्हा कामाला बसला आणि पुढच्या वर्षी ते सगळे प्रसिद्ध केले.

त्याच्या प्रयोगशाळेत शिकून गेलेल्यांची यादी मोठी आहे. हेन्री रॉस्को, जॉन टिंडाल, आडोल्फ फॉन बायर, लोथार मायर ही त्यातली काही नावे. आवर्तसारणी मांडणारा मेंडेलीव्हही तरुणपणी काही काळ हायडेलबर्गला होता. बुन्सेनने लग्न केले नाही. विद्यार्थी आणि प्रयोगशाळा हाच त्याचा संसार होता. १८७५ मध्ये किर्खोफ बर्लिनला गेला. १८७७ मध्ये दोघांना मिळून लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले डेव्ही पदक मिळाले. १८८९ मध्ये, ७८ व्या वर्षी, बुन्सेन निवृत्त झाला आणि जुन्या आवडीच्या भूशास्त्राकडे वळला. १६ ऑगस्ट १८९९ रोजी हायडेलबर्गमध्ये त्याचे निधन झाले.

त्याच्या ज्योतीची गोष्ट पुढे चालू राहिली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या लुंडेगोर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने तुषार करणारे साधन आणि ॲसिटिलीनची ज्योत जोडून माती आणि पिकांतली मूलद्रव्ये मोजली. १९४० च्या दशकात फ्लेम फोटोमीटर आला आणि रुग्णालयांचे चित्र बदलले. त्याआधी रक्तातले सोडियम मोजायला रासायनिक खटाटोप करावा लागे आणि त्यात तासन् तास जात. आता काही मिनिटांत उत्तर येऊ लागले. जुलाबाने गळून गेलेले मूल, मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण, मधुमेहाने बेशुद्ध पडलेला माणूस यांना सलाइनमधून काय आणि किती द्यायचे, हे अंदाजावर न राहता आकड्यावर ठरू लागले. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत ही निळी ज्योत पाहिलेली आहे. आता बहुतेक ठिकाणी तिची जागा इलेक्ट्रोडच्या यंत्रांनी घेतली आहे.

लिथियमचेही तसेच झाले. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादाच्या आजारावर लिथियमचा उपयोग दाखवला. पण हे औषध फार बारीक दोरीवर चालते. रक्तात साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल प्रतिलिटर असेल तर गुण येतो, १.५ च्या वर गेले की हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे सुरू होऊ शकते आणि २ च्या वर जीवाला धोका असतो. ते सुरक्षितपणे देता येऊ लागले, त्याला ज्योतीने रक्तातली पातळी मोजणे हे मोठे कारण होते. बुन्सेनने रक्तात पाहिलेली ती लाल रेषा नव्वद वर्षांनी मनोरुग्णांच्या कामी आली.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रीनफिल्ड आणि अमेरिकेत फॅसेल यांनी ज्योतीऐवजी आरगॉन वायूचा प्लाझ्मा वापरला. रक्तातल्या प्लाझ्माशी याचा संबंध नाही, नुसते नाव सारखे आहे. इथे प्लाझ्मा म्हणजे रेडिओ लहरींच्या ऊर्जेने इतका तापवलेला वायू, की त्याचे अणू फुटून आयन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. तापमान साधारण ६ ते १० हजार केल्विन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाइतके किंवा त्याहून जास्त. यात बहुतेक सगळी मूलद्रव्ये बोलू लागतात. १९८० मध्ये त्याला आयनांचे वजन मोजणारे यंत्र जोडले गेले आणि एका लिटरमधला एका ग्रॅमचा अब्जावा भाग किंवा त्याहून कमी धातूही मोजता येऊ लागला.

एवढ्या प्रगत यंत्राच्या दारात उभा असतो तो पुन्हा थेंबच. तो आत नेण्यासाठी लागतो नेब्युलायझर. दम्याच्या रुग्णाला किंवा छाती भरलेल्या बाळाला वाफ देण्यासाठी वापरतो ते साधन आणि हे साधन एकाच तत्त्वावर चालते. बारीक तोंडातून वेगाने सुटणारा वायू द्रव ओढून घेतो आणि त्याचे तुषार करतो. छातीसाठी तुषार फार मोठे झाले, तर ते तोंडातच आणि घशात चिकटतात, खाली पोहोचत नाहीत. प्लाझ्मासाठी मोठे झाले, तर काही मिलिसेकंदांत ते सुकून जळू शकत नाहीत आणि प्लाझ्मा थंड करतात, कधी विझवतातही. म्हणून मध्ये एक पोकळ कक्ष ठेवतात. मोठे थेंब भिंतीवर आपटून खाली गळतात आणि धुक्यासारखे बारीक कणच पुढे जातात. नेहमीच्या पद्धतीत मिनिटाला सुमारे १ मिलिलिटर द्रव ओढला जातो, पण त्यातला जेमतेम १ ते ५ टक्के भाग प्लाझ्मात पोहोचतो. बाकीचा सगळा नमुना निचऱ्याच्या बाटलीत जातो.

नदीचे पाणी तपासताना ही उधळपट्टी चालते. बाळाचे रक्त तपासताना चालत नाही. एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ९० मिलिलिटरच्या आसपास रक्त असते. त्यातले एक मिलिलिटर काढणे म्हणजे मोठ्या माणसाचे पन्नास मिलिलिटरहून अधिक रक्त काढण्यासारखे. रोज चार तपासण्या केल्या, तर तपासणीनेच बाळ पांढरे पडेल. म्हणून संशोधकांनी मिनिटाला मिलिलिटरच्या दहाव्या-शंभराव्या भागाइतका द्रव घेणारे सूक्ष्म नेब्युलायझर बनवले. त्यांच्या कक्षातून जवळजवळ सगळा नमुना प्लाझ्मात जातो. काही साधने द्रवाचे एकेक मोजलेले सूक्ष्म थेंब प्लाझ्मात सोडतात. रक्ताचा एक-दोन थेंब विरळ करून त्यातले शिसे, तांबे, जस्त, सेलेनियम एकाच वेळी मोजता येते.

थेंब जितका लहान, तितकी बुन्सेनची जुनी डोकेदुखी मोठी होते. एका थेंबात बाहेरून मिसळलेला कणभर धातूही निकाल बदलतो. म्हणून अशा तपासण्यांना जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

मुलाच्या बोटातून रक्त घेऊन शिसे तपासायचे असेल, तर आधी हात साबणाने नीट धुवावेत. त्वचेवरचे शिसे थेंबात मिसळू शकते. अशा तपासणीत शिसे जास्त आले, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. ती फेरतपासणी टाळू नये. सूक्ष्म धातूंसाठी वेगळी, धातूविरहित नळी लागते; प्रयोगशाळेने तीच हवी असा आग्रह धरला, तर तो बरोबर आहे. बाळाच्या टाचेतून रक्त घेताना ती फार दाबली, तर रक्तपेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येऊन खोटा वाढलेला आकडा दिसतो. अशा वेळी डॉक्टरांनी पुन्हा नमुना मागितला, तर रागावू नये. नुकताच सीटी स्कॅन किंवा एमआरआय झाला असेल आणि त्यासाठी शिरेतून औषध दिले असेल, तर धातूंच्या तपासणीआधी ते जरूर सांगावे.

आणि लघवीतले आर्सेनिक तपासायचे असेल, तर आधीचे काही दिवस मासे, कोळंबी, खेकडे खाऊ नयेत. समुद्री जिवांत आर्सेनिकचे एक निरुपद्रवी रूप भरपूर असते. ते लघवीतून जसेच्या तसे बाहेर पडते आणि एकूण आकडा फुगवते. कोकणात आणि गोव्यात रोजच्या ताटात मासे असतात, त्यामुळे तिथे हे विशेष लक्षात ठेवायला हवे. आकडा जास्त आलाच, तर घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारावे, की आर्सेनिकची रूपे वेगळी करून तपासली आहेत का. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातून येणारे विषारी रूप आणि बांगड्यातून येणारे निरुपद्रवी रूप प्लाझ्माला सारखेच दिसते. ते आधी वेगळे करून मगच यंत्रात सोडावे लागते.